शांतता आणि एक भोक
(लेखमाला ‘रोजची यंत्रं’ : भाग ११)

लॅपटॉपवर अभंग लावला की टाळ ऐकू येतात, पखवाज येत नाही. म्हणजे येतो, पण रिकाम्या डब्यावर बोटं वाजवावीत तसा. गायक ठीक, पेटी ठीक, तानपुरासुद्धा बऱ्यापैकी. तळ तेवढा गायब. सत्तर हजारांचा लॅपटॉप घेतलेला माणूस मग सेटिंग्जमध्ये जाऊन ‘बास बूस्ट’ शोधतो, तो चालू करतो आणि पखवाजाच्या जोडीला स्पीकरची खरखरही ऐकू लागतो.

दोष सेटिंगचा नाही, जागेचा आहे. पुरुष गायकांचा षड्ज बहुधा काळी एकच्या आसपास असतो, म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर. एवढा खालचा सूर खोलीभर पोचवायचा तर स्पीकरच्या पडद्याने भरपूर हवा ढकलावी लागते. लॅपटॉपच्या कडेला बसवलेल्या स्पीकरचा पडदा असतो बोटाच्या पेराएवढा. दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली बहुतेक लॅपटॉप हात टेकतात.

मग तानपुरा ऐकू कसा येतो? कारण कान फार चलाख आहे. घोडीवरच्या जवारीमुळे तारेतून उपस्वरांचा मोठा थवा निघतो. ते उपस्वर ऐकू आले की मूळ सूर नसला तरी मेंदू तो स्वतःच भरून काढतो. जुना टेलिफोन याच भरवशावर चालत होता. त्यातून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, वडिलांच्या आवाजाचा मूळ सूर त्याच्या बराच खाली, तरी ‘हॅलो’ म्हणताच आवाज वडिलांचाच वाटायचा. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मृदंग-तबल्याच्या शाईवर आणि पुढच्याच वर्षी तानपुरा-वीणेच्या घोडीवर लिहिलं ते याच उपस्वरांबद्दल. डग्ग्याचं किंवा पखवाजाच्या डाव्या बाजूचं तसं नाही. त्याच्या घुमाऱ्याचा बहुतेक जोर तळाच्या सुरातच असतो. तो कापला गेला की मेंदूला भरून काढायला फारसं काही उरतच नाही.

(जाता जाता: बालगंधर्वांच्या अगदी जुन्या तबकड्या लॅपटॉपवर फारशा बिघडत नाहीत. मायक्रोफोन येण्याआधी, म्हणजे १९२५ पूर्वी, गायक कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या तबकड्यांवर मुळातच ना फार खालचा सूर उतरला, ना फार वरचा.)

हे सगळं आधी सांगायचं कारण, मुंबईतल्या पवईसारख्या ठिकाणी लॅपटॉप हा एकच डबा दोन नोकऱ्या करतो. दिवसा हिरानंदानीतल्या काचेच्या इमारतीत, नाहीतर चांदिवलीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर एक्सेल, मीटिंगा, जीएसटीचं रिटर्न. रात्री नऊनंतर त्याच टेबलावर मारवा. वेगळी म्युझिक सिस्टिम ठेवायला वन-बीएचकेत जागा कुठे आहे? तेव्हा दुकानात प्रश्न ठरलेला असतो: ‘ऑफिसला चालेल आणि गाणीपण छान वाजतील असा दाखवा.’ विक्रेता लगेच झाकणावर एखाद्या ध्वनी कंपनीचं नाव छापलेला लॅपटॉप पुढे करतो. त्या नावाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की आत त्या कंपनीचं एक सॉफ्टवेअर आहे. पडदा तोच, पेराएवढा.

इथे या लेखमालेचं मत सरळ आहे. लॅपटॉप निवडायचा तो ऑफिसच्या कामासाठी. संगीतासाठी त्यात दोनच गोष्टी बघायच्या: तो गप्प बसतो का, आणि त्याला हेडफोनचं भोक आहे का. उरलेले पैसे लॅपटॉपच्या बाहेर, कानावर नाहीतर टेबलावर, खर्च करायचे.

कामाची बाजू आधी उरकून टाकू. रॅम १६ जीबी हवी. हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपांत ती बोर्डावरच डकवलेली असते, त्यामुळे ‘पुढे वाढवू’ हा बेत दुकानातच सोडून द्यावा. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. ओळखीच्याने स्वस्तात देऊ केलेला जुना लॅपटॉप विंडोज ११ घेतो का, ते घेण्याआधी बघावं. टॅली वापरणाऱ्याने किंवा रोज डिजिटल सहीचं टोकन खोचणाऱ्याने विंडोजच घ्यावं, मॅकच्या मोहात पडू नये. व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल, तर बिल त्या क्रमांकावर करून घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, रक्कम सोडून देण्यासारखी नाही.

कीबोर्ड दुकानात उभं राहून चार ओळी टंकून बघावा. चारच्या कळीवर रुपयाचं चिन्ह असेल तर क्षणभर तिथे थांबायला हरकत नाही. १५ जुलै २०१० रोजी सरकारने स्वीकारलेलं ते चिन्ह डी. उदयकुमार यांचं, आणि ते पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात पीएचडी करत होते. कळफलकांवर गेलेली ही बहुधा पवईची एकमेव वस्तू.

आता शांतता. लॅपटॉपचा पंखा दिवसा कुणाला ऐकू येत नाही. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या बाजूला खिडकी असेल तर मुळीच नाही. बसचे हॉर्न आणि मेट्रो ६ च्या कामाचा खणखणाट यांत दहा पंखे बुडून जातील. पण रात्री साडेदहानंतर विलंबित ख्यालात गायक सुरावर थांबतो, दोन आवर्तनांमधली मोकळी जागा येते, आणि तिथे टेबलावरून ‘हूंऽऽ’ सुरू होतं. बरं, गाणं वाजवणं हे आजच्या प्रोसेसरला काहीच काम नाही. पंखा फिरतो तो मागे चाललेल्या अँटिव्हायरसच्या तपासणीमुळे, नाहीतर उघड्या राहिलेल्या चाळीस टॅबमुळे.

यावर उपाय प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या अक्षरात आहे. इंटेलमध्ये ‘यू’ असेल तर तो कमी वीज खाणारा, म्हणून थंड आणि शांत. ‘एच’ असेल तर ताकदीचा, तापणारा. एएमडीतही ‘यू’ आणि ‘एचएस’, ‘एचएक्स’ यांत साधारण हाच भेद. पत्रव्यवहार, तक्ते आणि मीटिंग यांना ‘यू’ पुरतो. व्हिडिओ संपादन किंवा मोठी त्रिमित चित्रं करणाऱ्याला ‘एच’ लागेल, आणि त्याने पंख्याशी जुळवून घ्यावं. मॅकबुक एअरमध्ये २०२० च्या एम-वन चिपपासून पंखाच नाही. विंडोजवर अडून नसलेल्याला रात्रीच्या गाण्यासाठी यापेक्षा गप्प सोबती मिळणं कठीण.

शांततेच्याच हिशेबात ‘हाय-रेझ’ नावाच्या प्रकरणाचाही निकाल लागतो. सीडी १९८२ मध्ये आली तेव्हा तिच्यात सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांत आवाज मोजायचं ठरलं. १६ बिट म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर. २४ बिटांत ते आणखी वाढतं, आणि जाहिरातीत तेच सांगतात. आता पवईचा हिशेब करा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. समजा, सगळ्या कॉम्प्लेक्सने ती पाळली (समजाच!). खोलीतल्या या ४५ च्या वर ९६ चढवले तर १४१ होतात, आणि कान दुखायला लागतो १२०-१३० च्या सुमारास. म्हणजे सीडीचीच पूर्ण शिडी चढायला इथे जागा नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला २४ बिट उपयोगी पडतात, त्याला चुकीला वाव लागतो. ऐकणाऱ्याने त्यासाठी लॅपटॉपवर जादा पैसे मोजू नयेत.

साठवणीचंही तसंच. सीडी-दर्जाचा एक तास म्हणजे सुमारे ६३५ एमबी. ‘फ्लॅक’मध्ये, म्हणजे काहीही न गमावता दाबून ठेवला, तर बहुधा ३५० च्या आसपास. कपाटातल्या दोनशे सीडी लॅपटॉपवर चढवल्या तरी ऐंशी जीबीच्या आतबाहेर. पाचशेबाराच्या डिस्कवर ऑफिसच्या फायलींसकट सुखाने मावतात. संगणकाला संगीताचं खरं जड काम दिलं जातं ते पवईतच, आयआयटीच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात. प्रीती राव यांच्या गटाने तिथे तबला-पेटीच्या साथीतून गायकाचा सूर वेगळा काढण्याच्या पद्धती शोधल्या. पेटीच त्यात जास्त अवघड, कारण ती गायकाच्या मागोमाग त्याच सुरांवर चालते. तसल्या विश्लेषणाला यंत्राची ताकद लागते. नुसतं ऐकायला दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही पुरतो.

राहिलं भोक. साडेतीन मिलिमीटरचं, गोल, बिचारं. फोनमधून ते २०१६ नंतर झपाट्याने गेलं, आणि २०२२ पासून डेलच्या एक्सपीएस १३ सारख्या नामांकित लॅपटॉपांतूनही निघालं. असेल तर उत्तम. नसेल तर यूएसबी-सीला लावायची बोटभर लांबीची डॅकवाली, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप असलेली, तार मिळते, आणि तिच्यातून येणारा आवाज पुष्कळदा लॅपटॉपच्या स्वतःच्या भोकापेक्षा स्वच्छ असतो. कारण तारेतली चिप लॅपटॉपच्या बाकीच्या धावपळीपासून जरा लांब बसते.

ही धावपळ ऐकायची असेल तर दुकानात एक तपासणी करता येते. क्रोमा असो की लॅमिंग्टन रोडवरचा गाळा, घरचे तारेचे इअरफोन खिशात घालून जावं. ते भोकात खोचावेत. काहीही लावू नये. आवाज मात्र पूर्ण वाढवावा आणि ऐकावं. बारीक ‘स्स्स’ सगळीकडे असते, ती क्षम्य. आता टचपॅडवर बोट फिरवावं, मोठं वेबपान वरखाली सरकवावं. बोटाबरोबर कानात ‘चिर्रर्र चिर्रर्र’ असा किड्यासारखा आवाज येत असेल, तर आतल्या विजेची गळती ध्वनीच्या वाटेत शिरते आहे. असा लॅपटॉप बाद, किंवा त्याबरोबर ती तार घ्यायचीच, हे नक्की. नंतर तंबोऱ्याचा एखादा तुकडा हळू आवाजात लावून कान कीबोर्डजवळ न्यावा आणि पंखा ऐकावा. विक्रेता चमत्कारिक नजरेने बघेल. बघू द्यावं.

‘तारा कोण वापरतं हल्ली?’ हा प्रश्न येणारच. ब्लूटूथवर गाणं ऐकायला हरकत नाही, बहुतेकांना फरक कळणारही नाही. पंचाईत होते ती ऑफिस आणि गाणं एकाच हेडफोनवर आलं की. ब्लूटूथचे दोन वेगळे मार्ग आहेत: एक गाण्याचा, एकतर्फी पण रुंद, दुसरा बोलण्याचा, दुतर्फी पण अरुंद. मीटिंगच्या ॲपने हेडफोनचा माइक मागितला की लॅपटॉप दुसऱ्या मार्गावर जातो, आणि आवाज एकदम मोनो, जुन्या फोनसारखा होतो. मीटिंग संपली, ॲप मागे उघडंच राहिलं, माइक सोडला नाही, तर त्यानंतर लावलेला यमनही त्याच बोळातून येतो. हेडफोन बिघडला म्हणून माणसं तो परत करायला निघतात! तोडगा सोपा आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडावा आणि हेडफोनला फक्त ऐकायचं काम द्यावं. म्हणून लॅपटॉप घेताना त्याच्या माइकवर दोन वाक्यं ध्वनिमुद्रित करून ऐकणं हे संगीताच्याही हिताचं. ‘एलई ऑडिओ’ या नव्या ब्लूटूथमध्ये या दुखण्यावरही उतारा आहे, पण ते लॅपटॉप आणि हेडफोन दोन्हींत असावं लागतं.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक गंमत. ‘फूबार २०००’सारख्या वाजवणाऱ्या प्रोग्रामात ‘एक्स्क्लुझिव्ह’ नावाची सोय असते. ती चालू केली की ध्वनीचं यंत्र पूर्णपणे त्या गाण्याच्या ताब्यात जातं आणि इतर कुणाला आवाज करता येत नाही. जाणकार हे आवाजाच्या शुद्धतेसाठी वापरतात. बाकीच्यांनी ते ऐन समेवर ‘टिंग’ करून येणारी साहेबांची मेल गप्प करायला वापरावं. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र असले प्रोग्राम बसवायची परवानगी सहसा नसते. तिथे ती डॅकवाली तार आणि ब्राउझर, एवढ्यावरच भागवायचं.

पखवाज परत आणायचा राहिला. लॅपटॉपवर वाचलेल्या पैशात चांगले तारेचे हेडफोन येतात, किंवा चार इंची पडद्यांचे, आतच ॲम्प्लिफायर असलेले दोन स्पीकर. ते भिंतीपासून वीतभर पुढे, कानाच्या उंचीवर ठेवावेत. पहिल्याच रात्री बहुधा त्यांतून एक ‘घूंऽऽ’ येते, आणि स्पीकर खराब निघाले असं वाटतं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. दोन पिनांच्या चार्जरला, किंवा तीन पिनांचा असूनही अर्थिंग नसलेल्या जुन्या सॉकेटला, गळकी वीज जमिनीत सोडायला वाट मिळत नाही, आणि ती स्पीकरच्या तारेतून वाट काढते. चार्जर काढला की गुणगुण बंद. बॅटरी सहा-सात तास चालते, मैफल दोन-अडीच तासांची. सॉकेटसाठी इलेक्ट्रिशियनला रविवारी बोलवावं.