चेन्नई मेट्रोचा रेडिओ स्कॅनरवर तुटक का वाटतो?

कोयंबेडू ते आलंदूर ही चेन्नईची पहिली मेट्रो २०१५ मध्ये धावू लागली. चालक आणि नियंत्रण कक्ष बोलतात ते टेट्रा या डिजिटल ट्रंकिंग रेडिओवर.

जुन्या पद्धतीत प्रत्येक विभागाची फ्रिक्वेन्सी ठरलेली. ती लावली की सगळं संभाषण ऐकू यायचं. ट्रंकिंगमध्ये मोजके चॅनेल सर्वांचे सामाईक असतात. रेल्वे आरक्षणाच्या एकाच रांगेतून जी खिडकी रिकामी होईल तिथे पुढचा माणूस जातो, तसंच हे. चालकाने बटण दाबलं की हँडसेट नियंत्रण चॅनेलवर जागा मागतो आणि प्रणाली त्याच्या गटाला मोकळा चॅनेल देते. पुढच्या वेळी चॅनेल वेगळाही असू शकतो, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर आवाज तुटक येतो. म्हणून नवख्याने फ्रिक्वेन्सीमागे धावू नये. गट ही खरी ओळख. टेट्रात तर २५ किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीत चार कालखंड असतात, म्हणजे चार संभाषणं एकाच वेळी! साध्या अ‍ॅनालॉग स्कॅनरवर त्यांची नुसती खरखर येते.

आणि हे नीट लक्षात घ्या: भारतात असे संदेश परवानगीशिवाय ऐकणं गुन्हा आहे. ऐकण्याची खरी ओढ असेल तर हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा द्या. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून १४५.८०० मेगाहर्ट्झवर येणारे हौशी रेडिओ संदेश चेन्नईच्या गच्चीवरही पकडता येतात.