पदपथाचे दप्तर

शहरातल्या रस्त्याविषयी ज्याला मत नाही असा नागरिक विरळा. परंतु आपल्या दारासमोरचा पदपथ अमुकच रुंदीचा का झाला, कोपऱ्यावरचा गतिरोधक कोणाच्या शिफारशीवरून बसला आणि गेल्या वर्षी मंजूर झालेली दिव्यांची रक्कम यंदा भलत्याच कामी कशी खर्ची पडली, ह्या प्रश्नांची उत्तरे ज्या दप्तरात असतात, त्या दप्तराशी त्याचा संबंध बहुधा हयातभर येत नाही. रस्त्यावरची सुरक्षितता वाहन हाकणाऱ्याच्या सद्वर्तनावर अवलंबून असते अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि तीस अनुसरून दर जानेवारीत रस्ता सुरक्षेचे फलक लागतात व शाळकरी मुलांकडून शपथा वदवून घेतल्या जातात. सद्वर्तनाची महती कोण नाकारील? पण रस्ता धोक्याचा होतो की निर्धोक, हे मुख्यतः त्याच्या घडणीवर ठरते, आणि ती घडण स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेवरील एखाद्या रुक्ष विषयाखाली, फारशी चर्चा न होता, ठरून गेलेली असते. देशात 2022 साली रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत 32,825 माणसे पायी चालणारी होती, हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. ह्या पायी चालणाऱ्यांच्या सद्वर्तनाने फारसे काही बदलले असते असे वाटत नाही.

ही घडण ठरते कशी, हे पाहण्यास पुणे सोयीचे आहे. येथील नगरपालिका एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्थापन झाली, तिची महानगरपालिका 15 फेब्रुवारी 1950 रोजी झाली, आणि 1876 ते 1882 ह्या काळात खुद्द जोतीराव फुले तिचे सभासद होते. वस्तीत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध 1880 साली त्यांनी नगरपालिकेच्या कारभाऱ्यांकडे लेखी तक्रार नोंदविली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातील मोठ्या कार्यांपुढे झाकोळून जाते. परंतु रस्त्यावरील निर्भयता हा नगरपालिकेच्या कारभाराचा विषय आहे, हे त्या कागदाने केव्हाच सांगून टाकले होते.

आजचा कारभार 1949 च्या महानगरपालिका अधिनियमावर चालतो. ह्या अधिनियमाने महापालिकेच्या कामांचे दोन वर्ग केले आहेत: कलम 63 मधील कामे बंधनकारक, तर कलम 66 मधील कामे ऐच्छिक. रस्ते बांधणे व दुरुस्त ठेवणे, त्यांवर दिवाबत्ती करणे, रहदारीस अडथळा करणारी बांधकामे दूर करणे, ही सारी बंधनकारक वर्गात मोडतात. म्हणजे पथदिवा लावणे ही नगरसेवकाची कृपा नव्हे, ते महापालिकेचे कर्तव्य आहे. (दिव्याच्या खांबावर संकल्पनाकाराचे नाव रंगविण्याची तरतूद मात्र अधिनियमात कोठे आढळत नाही.) सत्तेचे वाटपही त्याच अधिनियमाने केले आहे. अंमलबजावणीचा अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे, पैशाची मंजुरी सोळा सभासदांच्या स्थायी समितीकडे, ज्यांतील निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, आणि धोरणाचा अधिकार सर्व नगरसेवकांच्या मुख्य सभेकडे. ह्या तिन्ही ठिकाणांहून कागद फिरून यावा लागतो, व फिरता फिरता त्यास उपसूचना चिकटतात, अभिप्रायासाठी तो प्रशासनाकडे जातो, सभा तहकूब झाली की महिनाभर लांबणीवर पडतो, आणि कोणासच नको असेल तर ‘दप्तरी दाखल’ हा शेरा मारून गुपचूप निजविला जातो.

ह्या यंत्रणेतून उत्तम काही निघू शकते ह्याचा पुरावा म्हणून पुणेकर जंगली महाराज रस्त्याकडे बोट दाखवितो. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी मुसळधार पावसाने शहरातील रस्त्यांची दैना उडाली असता, स्थायी समितीचे ऐन तारुण्यातले अध्यक्ष श्रीकांत शिरोळे ह्यांनी, मुंबईत ह्याहून अधिक पाऊस पडूनही तेथील रस्ते टिकतात कसे, असा साधा प्रश्न केला. त्यातून मुंबईच्या ‘रेकाँडो’ ह्या कंपनीचा शोध लागला, तिने दहा वर्षांची लेखी हमी दिली, आणि 1976 साली पुरा झालेला तो रस्ता हमीची मुदत उलटून दशके लोटली तरी खड्ड्यांवाचून राहिला. ही कथा सांगताना बहुतेक जण ठेकेदाराच्या सचोटीवर भर देतात. मला अधिक महत्त्वाची वाटते ती हमीची अट. सचोटी माणसागणिक बदलते. करारनाम्यातील अट मात्र कोणत्याही स्थायी समितीस कोणत्याही वर्षी घालता आली असती. ती इतर रस्त्यांना त्याच काटेकोरपणे का घातली गेली नाही, ह्याचे समाधानकारक उत्तर पुणेकरांस अद्याप मिळालेले नाही.

पण हा निर्णय चाकांसाठी होता. पायांसाठीचा निर्णय होण्यास पुढे चाळीस वर्षे लागली. 2016 साली महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केले, त्याच सुमारास नागरी रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याच जंगली महाराज रस्त्याच्या कडेचे पदपथ रुंद होऊन त्यांवर बाके, झाडांच्या सावलीतील बैठका व मुलांची खेळणी आली. वाहने लावण्याची जागा आक्रसली म्हणून कुरकुर झाली, आणि दुचाकीस्वारांनी त्या प्रशस्त पदपथाचा लाभ स्वतःच्या पद्धतीने घेऊन पाहिला. तथापि संध्याकाळी सहाच्या सुमारास तेथे काठी टेकीत चालणारी वृद्ध माणसे जितकी दिसतात तितकी शहरातील दुसऱ्या रस्त्यांवर सहसा दिसत नाहीत.

त्यांना तेथे चालणे का जमते, हे पदपथाशी वाकून पाहिल्याखेरीज कळत नाही. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था देशातील रस्त्यांची मानके ठरविते, आणि पादचाऱ्यांच्या सोयींविषयीच्या तिच्या 103 क्रमांकाच्या पुस्तिकेत पदपथावर चालण्यास किमान 1.8 मीटर रुंद व 2.2 मीटर उंच अशी निर्वेध जागा असावी आणि कडेच्या दगडाची उंची 15 सेंटिमीटरहून अधिक नसावी, असे म्हटले आहे. ही 1.8 मीटर जागा निर्वेध असावयाची, हा सारा मुद्दा. कागदोपत्री दोन मीटर रुंद असलेल्या पदपथावर विजेची पेटी, झाडाचा पार, जाहिरातीचा खांब आणि वर उचलला गेलेला चेंबर असे चौघे उभे राहिले की माणसास उरते वीतभर वाट. त्यातही खरी मेख आहे ती सोसायट्यांच्या फाटकांशी. मोटार आत-बाहेर नेण्यास सोपे जावे म्हणून प्रत्येक फाटकापुढे पदपथ तोडून उतार केला जातो, त्यामुळे शंभर पावलांच्या अंतरात चालणाऱ्यास पाच-सहा वेळा चढ-उतार करावा लागतो, आणि गुडघे दुखणारी आजी दुसऱ्या उतारानंतर मुकाट्याने खाली रस्त्यावर चालू लागते. नवी रचना ह्याच्या उलट आहे: पदपथ फाटकापुढून सलग एका पातळीत जातो, चढावे-उतरावे लागते ते मोटारीला. एवढ्याशा फरकाने रस्त्याचा मालक बदलतो. आणि हा फरक वार्ताहरांच्या नव्हे, नकाशा काढणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर होतो.

गतिरोधकाची कथा ह्याहून विनोदी आहे. त्याच संस्थेच्या मानकानुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी फक्त 10 सेंटिमीटर उंच, असा सौम्य पाठीचा असावयास हवा, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन त्यावरून विनासायास जाते व त्याहून वेगवान वाहनास तो जाणवतो. आपल्या गल्लीबोळांत असतो तो हातभर रुंदीचा उंचवटा, एखाद्या अपघातानंतर लोकक्षोभ शमविण्यासाठी रातोरात घातलेला, वर पांढरे पट्टे नाहीत, आधी सूचनाफलक नाही. त्यावर रुग्णवाहिकेतील रोगी हिसके खातो आणि अंधारात दुचाकीस्वार पडतो. तो काढावा अशी मागणी घेऊन दुसरे शिष्टमंडळ जाते तेव्हा तो कोणाच्या हुकुमाने बसला ह्याची नोंद अनेकदा सापडत नाही.

नोंद न सापडण्याचे कारण असे की एकेका चौकाचे धनी अनेक. पदपथ पथ विभागाचा, दिवा महापालिकेच्याच विद्युत विभागाचा, विजेची पेटी महावितरणची, बसथांबा 2007 साली पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दोन परिवहन उपक्रम एकत्र होऊन झालेल्या ‘पीएमपीएमएल’चा, झाडास हात लावावयाचा तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, आणि एकेरी वाहतुकीचा वा वेगमर्यादेचा हुकूम पोलिसांचा, जे राज्याच्या गृहखात्याचे ताबेदार. कोपऱ्यावर पथारी मांडणाऱ्याचा प्रश्न 2014 च्या पथविक्रेता अधिनियमान्वये शहर समितीकडे जातो आणि त्या समितीत किमान चाळीस टक्के सभासद पथारीवाल्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने 1993 पासून अठरा विषय नागरी संस्थांसाठी नेमून दिले खरे, पथदिवे, वाहनतळ व बसथांबे ह्यांसकट. पण चौकात उभ्या असलेल्या माणसास त्या दुरुस्तीचा प्रत्यय येत नाही.

आता पैशाकडे वळू. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचविलेल्या प्रभागातील किरकोळ कामांसाठी वेगळी तरतूद असते, पुण्यात तिला ‘स’ यादी म्हणतात, आणि सुस्थितीतील फरशा उखडून त्या जागी नवे पेव्हिंग ब्लॉक बसविण्याची जी सार्वत्रिक आवड दिसते, तिचा उगम पुष्कळदा ह्या यादीत असतो. मंजूर कामाचा निधी वर्षअखेर दुसऱ्या कामाकडे वळविण्यास ‘वर्गीकरण’ असे भारदस्त नाव आहे, आणि वर्गीकरणाचे प्रस्ताव मार्च महिन्यात ज्या संख्येने येतात ते पाहता अंदाजपत्रक हे अंदाजाचेच पत्रक आहे, अशी खात्री पटते. तथापि एक खिडकी पुण्याने नागरिकांसाठीही उघडली. 2006 सालापासून अंदाजपत्रक तयार होण्याआधी नागरिकांनी आपल्या वस्तीतील लहान कामे सुचवावीत म्हणून क्षेत्रीय कार्यालयांतून अर्ज मागविले जाऊ लागले: येथे दिवा हवा, तेथे बाक हवे, शाळेपुढे रस्ता ओलांडण्यास सोय हवी. योजना चांगली, पण अर्जाची मुदत थोडी, प्रसिद्धी बेताची, आणि सुचविलेले काम का वगळले हे अर्जदारास कळविण्याची पद्धत क्षीण, त्यामुळे ही खिडकी ठाऊक असलेले लोक तेच ते राहतात.

वस्तीने स्वतः निर्णय घ्यावा आणि तो सरकारास बंधनकारक व्हावा, असे एकच ठळक उदाहरण आपल्या राज्यात आहे, आणि त्याचा संबंध फुल्यांच्या त्या कागदाशी पोहोचतो. गावातील किंवा शहराच्या प्रभागातील दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून तेथील महिला मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी सह्या करून दरखास्त दिली, तर गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी आणि एक आडवी असते, आणि आडव्या बाटलीवर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक शिक्के पडले की दुकान बंद. ह्यातील ‘एकूण’ हा शब्द फार कडक आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मते पुरत नाहीत, यादीत नाव असलेल्या सर्व स्त्रियांच्या निम्मी लागतात. म्हणजे जी मजुरीवर गेली, जी माहेरी गेली, जी मरून गेली पण यादीतून निघाली नाही, ती प्रत्येक जण उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. एवढे असूनही महाराष्ट्रातील अनेक गावांच्या स्त्रियांनी बाटली आडवी केली आहे, आणि ‘दुकान असेल त्या वळणावरून अंधार पडल्यावर जाता येत नाही’ हा त्यांचा युक्तिवाद रस्ता सुरक्षेच्या कोणत्याही अहवालाहून अधिक नेमका आहे.

गावास ग्रामसभा असते, आणि तिच्याआधी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही आहे. शहरातील माणसास असे बसावयास व विचारावयास हक्काचे ठिकाणच नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी राज्याने 2009 साली कायद्यात दुरुस्ती करून शहरांतून ‘क्षेत्रसभा’ भरविण्याचे ठरविले. कायदा पुस्तकात आला, सभा मात्र भरल्या नाहीत. उलट मार्च 2022 मध्ये पुण्यातील नगरसेवकांची मुदत संपल्यावर निवडणुका लांबत गेल्या आणि दीर्घ काळ आयुक्त हेच प्रशासक ह्या नात्याने स्थायी समितीही होते व मुख्य सभाही. ह्या काळात निर्णय झाले नाहीत असे नाही. पण प्रस्ताव मांडणारा, त्यास मंजुरी देणारा आणि तो अमलात आणणारा एकच असल्याने विरोधी सूर इतिवृत्तात उमटण्याचा मार्गच बंद झाला. 11 डिसेंबर 2021 रोजी, नगरसेवक असतानाच, लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला होता व पुढील वर्षी प्रशासकानेही तो साजरा केला, ही गोष्ट त्यातल्या त्यात नमूद करण्याजोगी.

दाद मागण्याची जागा अशा वेळी न्यायालय हीच उरते. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 साली खड्ड्यांचा प्रश्न स्वतःहून सुनावणीस घेतला, चांगला रस्ता हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळे वा उघड्या गटारामुळे मृत्यू आल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमी झाल्यास 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम केला. ही रक्कम पुढे जबाबदार अधिकाऱ्यांकडून व ठेकेदारांकडून वसूल करावयाची आहे. अर्जांचा निर्णय करण्यासाठी समिती नेमावयाची असून महापालिकेच्या हद्दीत तिच्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांबरोबर असतील ते महापालिकेचे आयुक्त, ज्यांच्या हाताखालच्या पथ विभागाने तो रस्ता केलेला असतो.