वाळवण, शिळे आणि स्मरण : वऱ्हाडातील तयार अन्नाच्या शब्दांचा विचार

बालपणीच्या अन्नाविषयी बोलताना एक गोष्ट बहुधा गृहीत धरली जाते. मनात घर करून राहते ते आईच्या हातचे, चुलीवरून ताटात आलेले ऊन ऊन अन्न. आधी करून ठेवलेल्या, साठविलेल्या वा विकत आणलेल्या अन्नाशी माणसाच्या भावना जडत नाहीत, अशी ती समजूत होय. ही समजूत कितपत टिकते, हे पाहण्यास दोन उदाहरणे उपयोगी पडतात. त्यांतील एक दूरच्या अमेरिकेतील असून दुसरे बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकाल व त्याच्या आसपासच्या मुलखातील आहे. प्रस्तुत विवेचनात भर दुसऱ्यावर आहे. पहिल्याचा उपयोग केवळ तुलनेपुरता.

अमेरिकेतील ओमाहा येथील स्वॉनसन या व्यवसायसंस्थेने १९५४ च्या सुमारास गोठविलेले संपूर्ण जेवण बाजारात आणले. अॅल्युमिनियमच्या उथळ तबकात तीन कप्पे. एकात टर्की पक्ष्याचे मांस, दुसऱ्यात वाटाणे, तिसऱ्यात रताळी. तबक तसेच भट्टीत ठेवावयाचे व सुमारे पंचवीस मिनिटांनी बाहेर काढावयाचे. दूरचित्रवाणीपुढे बसून खावयाचे म्हणून त्यास ‘टीव्ही डिनर’ हे नाव पडले. त्या काळी मुले असलेली पिढी पुढे वृद्धत्वाकडे झुकू लागली, तेव्हा तिने या तबकाच्या आठवणी उत्कटतेने काढल्या. त्या आठवणींत चवीची स्तुती फारशी आढळत नाही. आढळतो तो कप्प्यांचा, चांदीसारख्या चकाकणाऱ्या आवरणाचा, आणि प्रत्येक मुलाला स्वतःचे स्वतंत्र तबक मिळे या गोष्टीचा उल्लेख. सारांश, अन्न कारखान्यात झालेले असले तरी त्यास स्मृती चिकटते. मात्र ती पदार्थापेक्षा त्याच्याभोवतीच्या रीतीला अधिक चिकटते.

मराठी मनुष्यास गोठविलेल्या जेवणाची कल्पना प्रथमदर्शनी रुचत नाही. यास सवय कारणीभूत आहेच, परंतु भाषेचाही त्यात वाटा आहे. ‘शिळे’ हा शब्द संस्कृत ‘शीतल’ या शब्दापासून प्राकृत ‘सीअल’ या रूपाच्या द्वारे आलेला आहे. मुळात त्याचा अर्थ केवळ ‘थंड’ एवढाच. जे थंड झाले ते आदल्या वेळचे, जे आदल्या वेळचे ते त्याज्य, अशा पायऱ्यांनी अर्थ उतरत गेला. आणि मूळ अर्थ ‘शिळोपा’सारख्या एखाद्या शब्दातही आता सहज ओळखू येत नाही. म्हणजे मराठीच्या दृष्टीने गोठविलेले अन्न हे व्युत्पत्तीनेच ‘शिळे’ ठरते. ज्या दिवशी चूल थंड ठेवून आदल्या दिवशीचे अन्न सेवन करावयाचे, त्या शीतलासप्तमीला लोकांनी ‘शिळासप्तमी’ म्हणावे, यात दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदताना दिसतात. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा–डोया, काळा–काया, जवळ–जवय. त्याच नियमाने ‘शिळी भाकर’ तेथे ‘शियी भाकर’ होते. परंतु सकाळी शेतावर निघालेल्या माणसाने कांदा व तिखटाबरोबर खाल्लेल्या शियी भाकरीस त्या बोलीत हीनत्व नाही. शिळेपणाचा तिटकारा हा बऱ्याच अंशी दोन वेळा चूल पेटविणे ज्यांना परवडते, त्यांचा आहे.

आता वरवट बकालकडे वळावयाचे. हे गाव संग्रामपूर तालुक्यात, शेगावच्या उत्तरेस आहे. त्याहून उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस पूर्णा नदीचे खोरे. या खोऱ्यातील विस्तृत भागास ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील अनेक गावांत भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असल्यामुळे विहिरीच्या पाण्यावर बारमाही भाजीपाला काढणे दुष्कर होते. जमीन काळी, खोल व ओल धरून ठेवणारी. तिच्यावर कापूस, तूर, ज्वारी, मूग होतो, पण रोजच्या कालवणाची चिंता उरतेच. ‘बकाल’ हा मराठीत रुळलेला शब्द अरबी ‘बक्काल’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ भाजीपाला विकणारा, पुढे वाणी वा किराणा विकणारा, असा आहे, ‘ओंगळ, अव्यवस्थित’ हा आजचा अर्थ नंतरचा. गावाच्या नावाची व्युत्पत्ती एवढ्यावरून ठरवू नये हे खरे. तरी भाजीची वाण असलेल्या मुलखात भाजीविक्याचा वाचक शब्द उच्चारला जावा, ही नोंद जाता जाता करून ठेवण्यास हरकत नाही.

या परिस्थितीला लोकांनी शोधलेले उत्तर म्हणजे वाळवण; वऱ्हाडी उच्चाराने ‘वायवन’. चैत्र-वैशाखात या भागात पारा ४२–४४ अंशांपलीकडे जातो. तेच ऊन येथे साठवणीचे साधन बनते. गोठविणे व वाळविणे या क्रिया परस्परविरुद्ध भासतात, पण त्यांचे तत्त्व एकच आहे. अन्न नासविणाऱ्या सूक्ष्मजीवांना मोकळे पाणी लागते. उणे १८ अंशांवर ते पाणी बर्फ होऊन त्यांच्या उपयोगाचे राहत नाही. उन्हात ते पाणीच नाहीसे होते. फरक एवढाच की, पहिल्या रीतीस अखंड वीज हवी. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास भारनियमन असे. अशा ठिकाणी गोठविलेले अन्न नासावयास एक दिवसही पुरेसा होता. वाळलेल्या मुंगवड्या मात्र पत्र्याच्या डब्यात किंवा मडक्यांच्या उतरंडीत पावसाळा काढीत.

पावसाळा हाच या अन्नाचा खरा हंगाम. पेरणी, निंदण, डवरणी यांत दिवस गेल्यावर सांजेस घरी परतलेल्या स्त्रीस बाजारात भाजी नाही, रस्त्यात चिखल, आणि सरपण ओले. अशा वेळी मूठभर मुंगवड्या तेलात परतून रश्श्यात टाकल्या की कालवण झाले. धापोडे निखाऱ्यावर भाजले, खारोड्या तळल्या की तोंडीलावणे झाले. हे तयार जेवणच होय. ते घरीच तयार केलेले असे, आणि जेवणाच्या पुष्कळ महिने अगोदर, एवढाच काय तो भेद.

पदार्थांची नावे पाहण्यासारखी आहेत. ज्वारी आंबवून, तिचे पीठ शिजवून ओल्या फडक्यावर पातळ थापले व वाळविले म्हणजे धापोडे होतात. शेजारच्या खानदेशात याच्याच नात्यातल्या पदार्थाला बिबडे म्हणतात. बाजरीच्या वा ज्वारीच्या भरड्याचा घट्ट घाटा करून त्याच्या बोटांनी घातलेल्या लहान गोळ्या म्हणजे खारोड्या. गव्हाच्या कणकेची दोरी बारीक काडीभोवती गुंडाळून काढली की सरगुंडे. ते उकडून आमरसाबरोबर खाण्याचा प्रघात आहे. कुरोड्या—प्रमाण मराठीत कुरडया—सर्वांत कष्टाच्या. गहू तीन दिवस भिजत घालावयाचा व रोज पाणी बदलावयाचे. मग तो वाटून, पिळून सत्त्व काढावयाचे. रात्रभर ते निवळू द्यावयाचे. आणि पहाटे, उजाडण्यापूर्वी, मीठ-हिंग घालून त्याचा चीक शिजवावयाचा. चीक घाटताना हात थांबला तर गुठळ्या होतात. तो गरम असतानाच साच्यातून बाजेवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर घालावयाचा, कारण निवला की साचा दाबता दाबत नाही. हे एकटीचे काम नव्हे; शेजारणी आळीपाळीने एकमेकींकडे जमत.

मुलांचा या सर्व उद्योगाशी संबंध दोन ठिकाणी येई. सकाळी वाटीत थोडा चीक, तेल किंवा दूध-साखर घालून, त्यांच्या वाट्याला येई. आणि दिवसभर काठी घेऊन कावळे व बकऱ्या हाकलण्याचे काम त्यांच्याकडे असे. अर्धवट वाळलेली कुरोडी वा खारोडी पळवून खाणे हा त्या राखणीचा अलिखित मोबदला. या भागातून पुणे-मुंबईकडे गेलेली माणसे वाळवणाविषयी बोलतात तेव्हा बहुधा या दोनच गोष्टी सांगतात. तळलेल्या कुरडईपेक्षा ओलसर, चिवट, उन्हाने कोमट झालेला तो चोरलेला तुकडा त्यांना अधिक आठवतो. अमेरिकेतील मुलांच्या कप्प्यांच्या तबकाशी याचे साम्य उघड आहे. तेथेही येथेही मुलाच्या मनात राहिला तो त्याच्या स्वतंत्र वाट्याचा भाग.

अशा कथनाचे व्याकरण तपासले असता एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीस येते. त्यात रीतिभूतकाळाचे प्राबल्य असते. ग्रांथिक मराठीत ‘आई करी, मुले जात’, बोलण्यात ‘आई करायची, आम्ही जायचो’, वऱ्हाडीत ‘माय करे, आमी जावो’. या काळाचा धर्म असा की, तो अनेक वर्षांतील अनेक प्रसंगांना वितळवून त्यांचा एकच सदा घडणारा प्रसंग बनवितो. कोणत्याही एका वैशाखाचे नाव त्यास नसते. याउलट अवकाळी पाऊस येऊन चीक वाया जाणे, कोणाचा हात भाजणे, घरात गहूच नसल्यामुळे त्या वर्षी कुरोड्या न होणे, हे सांगताना वक्ता साध्या भूतकाळावर येतो : ‘आला’, ‘भाजला’, ‘झाल्या नाहीत’. सुख रीतीत जमा होते व संकट प्रसंगात, असा हा विभाग आहे. स्मृतिकथनांचा पुरावा म्हणून उपयोग करणाऱ्या समाजशास्त्राच्या अभ्यासकाने तो ध्यानात ठेवावयास हवा. एरवी ‘दरवर्षी व्हायचे’ हे वाक्य तो दरवर्षी झाल्याची नोंद समजून बसेल.

दुसरी गोष्ट क्रियापदांच्या प्रयोजकतेची. ‘वाळणे’ हे अकर्मक, ‘वाळविणे’ हे त्याचे प्रयोजक. बालपण आठवणारा बहुधा ‘अंगणात पापड वाळायचे’ असे म्हणतो. ‘माय पापड वाळवायची’ असे क्वचितच. चीक ‘शिजायचा’, डबे ‘भरलेले असायचे’. भिजविणे, वाटणे, पिळणे, गाळणे, घाटणे, घालणे, उलथणे ही जी सकर्मक क्रियापदांची लांब माळ, ती मुलाच्या वाक्यांतून गळते, आणि तिच्याबरोबर तिचा कर्ताही. पहाटे तीनला उठणारी स्त्री वाक्यातूनच नाहीशी होते. मूल तेव्हा झोपलेले असे, म्हणून त्यात लबाडी नाही. पण तेच वाक्य तो चाळिसाव्या वर्षीही तसेच बोलतो, तेव्हा प्रश्न निराळा होतो. हीच गोष्ट माहेरच्या वाळवणाविषयी बोलणाऱ्या, पण स्वतः ते घातलेल्या, स्त्रीच्या तोंडून ऐकावी. तिची वाक्ये प्रयोजक असतात, आणि तिच्या कथनात चिकाच्या चवीआधी कंबरदुखीचा उल्लेख येतो.

या ठिकाणी ‘स्मरणरंजन’ या शब्दाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६८८ मध्ये बाझल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात घराच्या ओढीने येणाऱ्या आजारास ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. ग्रीक ‘नॉस्टॉस’ म्हणजे घरी परतणे, ‘आल्गॉस’ म्हणजे वेदना. मूळ शब्दात वेदना आहे. मराठी पर्यायात रंजन. ‘स्मृतिकातरता’, ‘गतकातरता’ हे पर्याय मुळाशी अधिक प्रामाणिक, पण व्यवहारात ‘स्मरणरंजन’ अधिक चालले, हे सूचक आहे. ग्रामीण बोलीतील ‘सय’ हा शब्द (स्मृति > प्राकृत सइ) या दोहोंच्या मधला आहे. सय ‘येते’, ती कोणी करमणुकीसाठी काढीत नाही. वाळवणाच्या आठवणीस ‘सय’ म्हणावे की ‘स्मरणरंजन’, हे सांगणारा बाजेच्या कोणत्या बाजूला होता त्यावर अवलंबून आहे.

कारखान्यातील अन्नाचे मराठी उदाहरण हवे असेल तर तेही दूर नाही. १९८३ च्या सुमारास भारतात आलेल्या मॅगी शेवयांवर जून २०१५ मध्ये अन्नसुरक्षेच्या कारणावरून बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली व नोव्हेंबरात त्या पुन्हा विक्रीस आल्या. मधल्या काळात वसतिगृहांत व शहरी घरांत वाढलेल्या तरुणांनी जी हळहळ व्यक्त केली, ती पोषणाविषयी नव्हती. मोठ्यांच्या मदतीवाचून स्वतः शिजविलेला पहिला पदार्थ, ही तिची ओळख होती. त्या शेवयांना कोणी ‘शिळे’ म्हटले नाही, वास्तविक त्या कित्येक महिन्यांपूर्वीच्या असत. वेष्टनात बंद असलेल्या अन्नाला मराठी ‘शिळे’ म्हणत नाही; तो शब्द ताटात व भांड्यात उघड्या राहिलेल्या अन्नासाठीच तिने राखून ठेवला आहे.

वाळवणही आता वेष्टनात शिरले आहे. महिला बचत गट ते करतात, शेगावसारख्या यात्रेच्या गावी ते विकले जाते, आणि नोकरीनिमित्त बाहेर राहणारी कुटुंबे वर्षाचा साठा विकत घेतात. श्रमाला मोल मिळू लागले ही यातील लहानसहान गोष्ट नव्हे. पूर्वी जे काम व्याकरणातूनही गळे, त्याचा निदान भाव ठरतो. परंतु पाकिटावर नाव छापावयाचे ते बाहेरच्या गिऱ्हाइकास कळेल असे. म्हणून धापोडे ‘ज्वारी पापड’ होतात, सरगुंडे कधी ‘गव्हाच्या शेवया’त मोडतात, आणि ‘कुरोडी’ची ‘कुरडई’ होते. वस्तू टिकते, शब्द पालटतो. ‘पापड’ हा शब्द (संस्कृत पर्पट) पसरट, वाळविलेल्या कोणत्याही पदार्थास लागू पडतो; ‘धापोडा’ या शब्दात मात्र ज्वारी, आंबवणे, ओले फडके व हाताने थापणे एवढे सारे सामावलेले आहे.

‘वाळवण’, ‘साठवण’, ‘आठवण’ हे तिन्ही शब्द एकाच प्रत्ययाने सिद्ध झालेले आहेत. तिन्ही क्रियेचे व क्रियेच्या फलाचे, अशा दुहेरी अर्थाने वापरले जातात. त्यांतील वाळवणाचे अर्थक्षेत्र वऱ्हाडात झपाट्याने बदलत असताना त्याची नोंद करणे हे बोलीच्या अभ्यासकाचे तातडीचे काम आहे. अशी नोंद करताना पदार्थांच्या नावांची यादी पुरणार नाही. चीक ‘निवळला’ हे कशावरून ओळखावयाचे, ‘घाटा आला’ म्हणजे नेमके काय, खारोडी ‘कडकडली’ व ‘वाळली’ यांत अंतर कोणते, ही क्रियापदे हवीत. आणि ती बाजेवर जुने लुगडे अंथरून पहाटे चीक घालणाऱ्या स्त्रीकडेच मिळतील, काठी घेऊन बसलेल्या मुलाकडे नव्हेत.