बाळाची छाती, भाग ६ : एका बाटलीतली दोन औषधं

पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होऊ शकतो, हे मागच्या भागात पाहिलं. बालवाडी सुरू झाली की दवाखान्याच्या खेपाही सुरू होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला आई म्हणते, “डॉक्टर, मागच्या वेळचं ते स्ट्राँग औषध द्या.” ते स्ट्राँग औषध बहुधा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड यांची जोडी असते. ही जोडी का जमवली, हे समजून घेतलं तर ती कधी मागायची नाही हेही कळेल.

काही जंतू असं विकर तयार करतात, की त्यामुळे अमॉक्सिसिलिनचा रेणूच मोडून पडतो. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड या विकराला चिकटतं आणि त्याला निकामी करतं. जंतू मारायचं काम अमॉक्सिसिलिनच करतं. कान फुटणं, सायनस भरणं यांमागच्या काही जंतूंवर ही जोडी खरोखर उपयोगी आहे. पण मुलांच्या न्यूमोनियातला मुख्य जंतू न्यूमोकोकस. तो हे विकर बनवतच नाही. तिथे दुसऱ्या औषधाची भर घालून हाती येतात ते जुलाब. म्हणूनच घरी उपचार करण्याजोग्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना आजही साधं अमॉक्सिसिलिनच सांगते. विषाणूंच्या सर्दीवर तर दोन्ही निरुपयोगी.

जोडऔषधाने मुलं वाचल्याचं मोठं उदाहरण मात्र आपल्या गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातले आरोग्यसेवक आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. औषध होतं कोट्रायमॉक्साझोल. जंतूला स्वतःचं फोलिक आम्ल बनवावं लागतं. या गोळीतली दोन औषधं त्या प्रक्रियेच्या लागोपाठच्या दोन पायऱ्या अडवतात. इथे दोघांनाही स्वतंत्र काम आहे. न्यूमोनिया ओळखायचा तो मिनिटातले श्वास मोजून. निरक्षर दायांना पन्नासपर्यंत मोजणं अवघड जायचं, म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं एक साधन बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: उपचाराच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते. पुढे जंतू या औषधाला दाद देईनासे झाले आणि त्याची जागा अमॉक्सिसिलिनने घेतली. मला यातलं औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते आधी श्वास मोजणं.

तो तुम्हीही मोजा. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास असतील, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६०ची मर्यादा, आणि त्याला थेट रुग्णालयातच न्यावं.

सर्दीच्या जोडसिरपांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लहान मुलांना देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरमध्ये काढला. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली धाकट्याला देताना ही ओळ कुणी वाचत नाही.

आता खरोखर वारंवार छाती भरणाऱ्या मुलाकडे वळू. दर वेळी एक्स-रेत फुप्फुसाचा तोच भाग पांढरा दिसत असेल, तर श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणासुद्धा निघतो. तिथे कितीही अँटिबायोटिकं दिली तरी दुखणं परत येणारच. दर वेळी सूं-सूं आवाज येत असेल, रात्री खोकला वाढत असेल, घरात कुणाला दमा असेल, तर डॉक्टरांना दम्याबद्दल विचारा. तिथे पंप लागतो. पंपाची सवय लागते का, तो कसा घ्यायचा आणि त्यातल्या जोडऔषधांचं काम काय, हे पुढच्या भागात.