दोल्ना क्रुपा : वाडा कोणाचा, जमीन कोणाची?

पश्चिम स्लोव्हाकियात त्रनावा शहराच्या उत्तरेला दोल्ना क्रुपा नावाचं गाव आहे. बाहेरचा माणूस इथे येतो तो बहुधा संगीतकार बेथोव्हनच्या ओढीने. ब्रुन्सविक या इथल्या सरदार घराण्याशी त्याचा घरोबा होता आणि ‘मूनलाइट’ सोनाटा त्याने इथेच रचला, असं गावात सांगतात. त्याला पुरावा नाही. ब्रुन्सविकांचा वाडा मात्र भक्कम उभा आहे. योझेफ ब्रुन्सविकने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला नवं रूप दिलं. पुढे भोवती इंग्लिश धाटणीचं उद्यान झालं.

असं वैभव कोणाच्या घामावर उभं राहत असे? स्लोव्हाकिया तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता. मारिया थेरेसा राणीने १७६७ मध्ये तिथल्या वेठीचं प्रमाण ठरवून दिलं. पूर्ण हिश्शाच्या कुळाने आठवड्यातून एक दिवस स्वतःची जनावरं जुंपून मालकाच्या शेतात राबायचं, नाहीतर दोन दिवस नुसत्या हातांनी. १८४८ मध्ये वेठ सुटली, तरी मोठ्या जमिनी मालकांकडेच राहिल्या. ब्रुन्सविकांचा वाडा सोयरिकीतून खोटेक घराण्याकडे गेला.

या सगळ्या मालकांत मला आदर वाटतो तो मारिया हेन्रिएटा खोटेक (१८६३–१९४६) या काउंटेसबद्दल. तिने लग्न केलं नाही. आयुष्य गुलाबांना दिलं. तिच्या गुलाबबागेचं नाव जर्मनीतल्या झांगरहाउझेनच्या बागेच्या बरोबरीने घेतलं जाई. क्रुपिना गावचा वनाधिकारी रुडॉल्फ गेश्विंट १९१० मध्ये वारला, तेव्हा त्याचा गुलाबांचा संग्रह तिने विकत घेतला. याच गेश्विंटचा ‘ग्रुस आन टेप्लित्स’ (१८९७) हा गडद लाल, सुगंधी गुलाब भारतातही सुट्या फुलांसाठी लावतात.

पहिल्या महायुद्धात ती जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला गेली आणि बागेची आबाळ झाली. १९१८ मध्ये राज्यच बदललं. नव्या चेकोस्लोव्हाकियाने १९१९ मध्ये, आपल्याकडच्या कमाल जमीनधारणा कायद्यासारखी, १५० हेक्टर शेतजमिनीची मर्यादा घातली. दुसऱ्या महायुद्धाने उरलीसुरली बागही नेली. काउंटेसचे अखेरचे दिवस गावातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रयात गेले.

वाडा सरकारजमा झाला. पुढे तिथे संगीतकारांचं विश्रामगृह झालं आणि आता संगीत संग्रहालय आहे. साम्यवादी राजवटीने १९४९ च्या कायद्याने देशभर सहकारी शेती आणली आणि वेठीतून सुटलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांची शेतं त्यात ओढली गेली. जमिनी परत देणारा कायदा १९९१ मध्ये आला. तो फक्त २५ फेब्रुवारी १९४८ नंतरच्या, म्हणजे साम्यवाद्यांनी सत्ता घेतल्यानंतरच्या, जप्तीला लागू होता. मोठ्या मालकांच्या जमिनी बहुतेक त्याआधीच गेल्या होत्या, त्यामुळे त्यातून वाट मिळाली ती मुख्यतः छोट्या शेतकऱ्यांना. मला हा या इतिहासातला सर्वांत न्याय्य भाग वाटतो.

ब्रातिस्लाव्हाला कधी गेलात, तर त्रनावा जवळच आहे. दोल्ना क्रुपाला जरूर जा. बेथोव्हनची गोष्ट तिथे कोणीही आपणहून सांगेल; तुम्ही काउंटेसच्या बागेची आणि शेतांची चौकशी करा.