गांडूळ खत विकायचंय? मग आधी माती काय सांगते ते ऐका



"सर, गांडूळ खताचा धंदा सुरू करू का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. करा की! पण त्याआधी माझी एक चूक ऐका.

पाच वर्षांपूर्वी मी दुकानात गांडूळ खताच्या गोण्या ठेवायला लागलो. नेहमी येणारे एक काका होते, त्यांचा दोन एकर गहू. मी छातीठोकपणे सांगितलं, "काका, युरिया बंद करा. एकरी दहा गोण्या हे टाका, बास!" काकांनी विश्वास ठेवला. गहू पिवळा पडला, उतारा निम्म्यावर आला. काका दुकानात आले, पण भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला माहीत नव्हतं, तर तसं सांगायचं होतंस."

त्या दिवशी रात्री मी वही काढली. आधी जे गणित करायला हवं होतं ते नंतर केलं.

गणित साधं आहे

बागायती गव्हाला एकरी साधारण ४८ किलो नत्राची शिफारस असते. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे एका गोणीत जवळपास २१ किलो नत्र. गांडूळ खतात नत्र साधारण १ ते दीड टक्का. माझ्या ४० किलोच्या दहा गोण्या म्हणजे ४०० किलो खत, आणि त्यात नत्र फक्त ४ ते ६ किलो. तेही हळूहळू सुटणारं! गहू पिवळा पडणार नाही तर काय होणार?

मग गांडूळ खत, शेणखत निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. फक्त त्याचं काम वेगळं आहे. आणि याचा पुरावा जगात गेली पावणेदोनशे वर्षं जमा होतोय.

स्वतःचा माल तपासणारा दुकानदार

इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज नावाचा माणूस होता. त्याने १८४२ मध्ये सुपर फॉस्फेटचं पेटंट घेतलं आणि लगेच कारखानाही काढला. म्हणजे हा खत विकणारा माणूस, आपल्यासारखाच. पण १८४३ मध्ये त्याने जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेऊन रॉथमस्टेड इथल्या आपल्या शेतात गव्हाचा प्रयोग लावला. एका पट्ट्यात काहीच नाही, एकात शेणखत, बाकीच्यांत वेगवेगळी रासायनिक खतं. तो प्रयोग आजही चालू आहे!

निकाल काय? संतुलित रासायनिक खत दिलेल्या पट्ट्यांनी शेणखताच्या तोडीचं उत्पादन दिलं. पण शेणखताच्या पट्ट्यात मातीतला सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त झाला. तिथेच बार्लीच्या शेतात एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ एवढी वीसच वर्षं शेणखत दिलं आणि मग थांबवलं. त्याचा फरक मातीत शंभर वर्षांनंतरही दिसत होता.

पण एक गोष्ट लपवायची नाही. तिथे शेणखत हेक्टरी ३५ टन, म्हणजे एकरी १४ टन, दरवर्षी पडत होतं. आपल्याकडे एवढं शेण आणायचं कुठून?

आपल्याकडचा पुरावा

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० मध्ये देशभर असेच दीर्घकालीन खत प्रयोग सुरू केले. हिमाचलमधल्या पालमपूरच्या आम्लयुक्त जमिनीत ज्या पट्ट्यांना फक्त नत्र दिलं, तिथलं उत्पादन घसरत घसरत शून्यावर आलं. आणि बहुतेक ठिकाणी टिकून राहिलेला पट्टा कोणता? नत्र, स्फुरद, पालाश आणि सोबत शेणखत. दोन्ही मिळून!

म्हणजे "फक्त युरिया" म्हणणाराही चुकला, आणि "युरिया बंद करा" म्हणणारा मीही चुकलो.

तुमच्या धंद्यासाठी यातून काय घ्यायचं?

१. गिऱ्हाइकाला खरं सांगा. "हे पिकाचं आजचं जेवण नाही, ही जमिनीची पुंजी आहे. रासायनिक खत मातीपरीक्षणाप्रमाणे द्या, सोबत हे दरवर्षी टाका." असं बोललात तर पुढच्या वर्षी तो परत येईल.

२. आधी मातीपरीक्षण, मग विक्री. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात, त्यात सेंद्रिय कर्बही असतो. ती वाचायला शिका. जो दुकानदार पत्रिका समजावून सांगतो, त्याच्याकडे माणूस थांबतो.

३. फक्त गोणी विकू नका. ताग आणि धैंचाचं बियाणं ठेवा, साधारण दीड महिन्यात फुलोऱ्याच्या सुमारास ते जमिनीत गाडायचं असतं. उसाच्या पट्ट्यात असाल तर पाचट कुट्टीचं यंत्र भाड्याने देण्याचा विचार करा, कारण पाचट जाळलं की त्यातलं नत्र जवळपास सगळं हवेत जातं. आणि हरभऱ्याचा बेवड चांगला असतो हे आपल्या आज्यालाही माहीत होतं.

४. कागदपत्रं आधी. गांडूळ खतही खत नियंत्रण आदेश १९८५ खाली येतं. गोणीवर नाव छापण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन परवान्याचं विचारा.

५. लॉजसारखं करा. एका शेतकऱ्याच्या दोन गुंठ्यांत तुमचं खत टाका, शेजारचे दोन गुंठे तसेच ठेवा. दोन्हीचं वजन करून वहीत लिहा. तीन वर्षांची ती वही कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त विकेल.

काकांना परत दुकानात यायला दोन हंगाम लागले. आता ते मातीपरीक्षणाचा कागद घेऊनच येतात, आणि मी कागद वाचल्याशिवाय गोणीला हात लावत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गावातल्या एका शेताची मृदा आरोग्य पत्रिका मिळवा, सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा आणि कमेंटमध्ये लिहा. त्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.