दारी आलेल्या कुत्र्याचा पूर्वेतिहास

सोसायटीच्या जिन्याखाली पावसाच्या आडोशाला आलेला एखादा कुत्रा दोन दिवसांनी पायपुसण्यावर येतो, आठवड्याने उंबऱ्याच्या आत येतो आणि कोणी तसे ठरवण्यापूर्वीच घरचा होतो. मग घरातील वडीलधारी मंडळी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागतात : इतकी वर्षे हा होता कुठे? झाडू उचलला की तो पलंगाखाली शिरतो, तेव्हा त्याला कोणीतरी फार मारले असणार. रिक्षाचा आवाज आला की कान टवकारतो, तेव्हा पूर्वीचा मालक रिक्षावाला असणार. दुपारच्या निवांत वेळी अशा तर्कांना अंत नसतो.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पांडवांमागे चालत आलेला कुत्रा कोणाचा, कुठला, याची चौकशी न करता युधिष्ठिर त्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो. तुम्हाआम्हाला मात्र चौकशी करावी लागते. या पूर्वेतिहासाचा काही भाग जाणून घेणे घराच्या आरोग्यासाठी अत्यावश्यक आहे. उरलेला भाग आपल्याच मनाने रचलेला असतो आणि कधीकधी तो त्या प्राण्याच्या व तुमच्याही आड येतो. या दोहोंतील भेद ओळखता आला, तर दत्तक घेतलेला कुत्रा दुसऱ्यांदा रस्त्यावर जाण्याची वेळ सहसा येत नाही.

चौकशीचा आरंभ पशुवैद्यकाकडे करावा. कुत्र्याचे शरीर पुष्कळ काही सांगते. पिल्लाचे 28 दुधाचे दात पडून साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत 42 कायमचे दात येतात, त्यामुळे लहान कुत्र्याचे वय बऱ्यापैकी अचूक सांगता येते. पुढे मात्र तो अंदाजच असतो, कारण रस्त्यावर हाडे आणि कठीण वस्तू चावून दात लवकर झिजतात. सहा-सात वर्षांनंतर डोळ्यांच्या भिंगात निळसर धूसरपणा येऊ लागतो. तो मोतीबिंदू असेलच असे नाही. बहुधा ते केवळ वयाचे लक्षण असते. कानाच्या टोकाचा छोटा तुकडा नीटस कापलेला दिसला, तर त्याची नसबंदी झालेली असण्याचा पुष्कळ संभव असतो. प्राणी जन्मनियंत्रण मोहिमेत शस्त्रक्रियेनंतर अशी खूण करतात आणि त्याच वेळी रेबीजची लसही टोचतात. गळ्याभोवती केस विरळ झालेले असतील, तर तिथे कधीतरी पट्टा होता असे समजावे.

मादी असेल तर तिच्या स्तनांकडे आधी लक्ष द्यावे. लोंबलेले स्तन ती पूर्वी व्यायली असल्याचे सांगतात. त्यांत दूध उतरलेले असेल, तर मात्र तिच्या भूतकाळाचा विचार क्षणभर बाजूला ठेवून जवळपासची गटारे, बांधकामे आणि उभ्या गाड्यांखालच्या जागा पाहाव्यात. पिल्ले तिथेच कुठेतरी असतात, आणि आईला घरात कोंडले तर ती उपाशी मरतात.

गळ्यावर पट्ट्याची खूण असलेला, माणसाळलेला, जिना चढता येणारा कुत्रा दिवाळीच्या दिवसांत सापडला, तर तो टाकून दिलेला नसून हरवलेलाही असू शकतो. फटाक्यांच्या आवाजाने घाबरलेली कुत्री कित्येक किलोमीटर धावत सुटतात. पशुवैद्यकाकडे कातडीखालची मायक्रोचिप वाचणारे यंत्र असेल तर ते फिरवून घ्यावे, परिसरातील दवाखान्यांत छायाचित्र द्यावे आणि काही दिवस वाट पाहावी. कोणी जाणूनबुजून सोडून गेले असेल, तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहे. परंतु आपल्या अनुभवास येते ते असे की सोडून जाणारा माणूस क्वचितच सापडतो. त्याचा शोध घेण्यात शक्ती घालवू नये.

लसीकरणाच्या बाबतीत नियम सोपा आहे : कागद नाही, तर लस नाही असेच धरावे. कानाला खूण असली तरीही लस नव्याने द्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक ठरतो, आणि त्याचा विषाणू लक्षणे दिसण्यापूर्वी शरीरात आठवडे किंवा महिने दडून राहू शकतो. म्हणून आज लस दिली याचा अर्थ धोका आजच संपला असा होत नाही. या काळात चावा, ओरखडा किंवा फाटलेल्या त्वचेला लागलेली लाळ, यांतील काहीही घडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, मिरची यांतील काही लावू नये. कुत्र्याला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवणे योग्यच आहे, पण उपचार सुरू करण्यासाठी त्या दहा दिवसांची वाट पाहू नये. रोज भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी चावा बसण्यापूर्वीच घ्यावयाच्या प्रतिबंधक लसीविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

ज्येष्ठांच्या घरी आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर खेळता खेळता बसलेला ओरखडाही बराच वेळ वाहतो. मधुमेह असेल तर पायाची छोटी जखम दुर्लक्षून चालत नाही. स्टिरॉइड किंवा कर्करोगावरील औषधे घेणाऱ्यांनी कुत्रा घरात आणण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांशी बोलावे. कुत्र्याचे जंत काढून घ्यावेत, लूत असेल तर तिच्यावर उपचार करावा. लुतीचा एक प्रकार माणसाच्या त्वचेलाही काही काळ खाज आणतो. गोचीड नुसती उपटून भागत नाही. गोचिडीतून होणाऱ्या तापात कुत्रा खाणे सोडतो, मलूल होतो, कधी नाकातून रक्त येते. रक्ततपासणीने निदान होते आणि वेळेत औषध दिल्यास तो बरा होतो. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नये आणि त्याचे मूत्र पुसताना हातमोजे घालावेत.

इथपर्यंतचा भूतकाळ तपासता येतो. वागणुकीतून काढलेला भूतकाळ तितका विश्वासार्ह नसतो. जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगातील कोणत्या गोष्टी निर्धोक हे शिकते. त्या काळात ज्याने छत्री, काठी, चाकाची खुर्ची किंवा दाढीवाला माणूस पाहिलाच नाही, तो मोठेपणी त्यांना भितो. त्याला कोणी कधी बोट लावलेले नसले तरी तो भितो. म्हणजे मारहाण झाली नसेल असे नव्हे; केवळ भीतीवरून ते ठरवता येत नाही, एवढेच. कुत्र्याच्या स्मरणात काही नसते असेही नव्हे. चार्ल्स डार्विन याने 1871 च्या आपल्या ग्रंथात नोंदले आहे की, पाच वर्षे आणि दोन दिवसांच्या विरहानंतरही त्याच्या कुत्र्याने त्याची हाक ओळखली आणि जणू अर्ध्या तासापूर्वीच भेट झाली असावी तसा तो मागे चालू लागला. स्मरण असते, ते आपल्याला सांगण्याची सोय नसते.

भीतीचे कारण काहीही असो, उपाय एकच असतो. हे सांगण्याचे कारण असे की “बिचाऱ्याने फार सोसले आहे” असे म्हणून अनेक घरांत त्याला काही शिकवलेच जात नाही. मग आजोबा काठी घेऊन उठले की कुत्रा भुंकतो आणि कुत्रा भुंकतो म्हणून आजोबा उठणे टाळतात. असे होऊ देऊ नये. घरात काठी किंवा वॉकर असेल आणि कुत्रा त्याला भीत असेल, तर काठी जमिनीवर आडवी ठेवावी आणि तिच्यापासून हातभर अंतरावर त्याच्या आवडीचा तुकडा टाकावा. त्याने तो सहजपणे खाल्ला की दुसऱ्या दिवशी अंतर थोडे कमी करावे. काठीजवळ तो निश्चिंत बसू लागल्यावर, तुम्ही खुर्चीत बसलेले असतानाच काठी किंचित हलवावी आणि लगेच तुकडा द्यावा. हे काम काही दिवसांचे किंवा काही आठवड्यांचे असते. कान मागे, शेपूट पोटाखाली, वारंवार ओठ चाटणे, नजर चुकवणे, यांतील काही दिसले तर एक पायरी मागे यावे. गुरगुरण्याबद्दल त्याला रागावू नये. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावू शकतो. त्याच्या ताटलीत हात घालणे आणि झोपेत असताना अंगावर हात ठेवणे कटाक्षाने टाळावे. घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतील, तर त्यांना ही पथ्ये लक्षात ठेवणे शक्य नसते. कुत्रा खातो व झोपतो ती जागाच वेगळी करावी, आणि दोघांना एकत्र असताना एकटे सोडू नये.

पडण्याची भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत 65 वर्षांवरील व्यक्तींना साखळीला बांधलेला कुत्रा फिरवताना झालेल्या अस्थिभंगांची संख्या 2004 ते 2017 या काळात दुपटीहून अधिक वाढल्याचे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि त्यांत खुब्याचे अस्थिभंग ठळक होते. म्हणून पहिले काही महिने त्याला फिरवण्याचे काम घरातील धडधाकट माणसाकडे द्यावे. पट्टा मनगटाला गुंडाळू नये. रात्री पलंग ते न्हाणीघर या वाटेवर त्याचे अंथरूण असू नये. मंद दिवा लावावा आणि गळ्यात लहानशी घंटी बांधावी. हाती पडलेल्या औषधाची गोळी सुटून जमिनीवर घरंगळते, ही ज्येष्ठांच्या घरातील नित्याची गोष्ट आहे. ती शोधल्याखेरीज राहू नये. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके कुत्र्याला घातक असतात. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेटही त्याला चालत नाहीत, त्यामुळे उरलेली भाजी प्रेमाने वाढण्यापूर्वी तिच्यात काय आहे ते आठवावे. फार दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला एकदम पोटभर न देता दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे.

वयाचा विचार दोन्ही बाजूंनी करावा. पंचाहत्तरीत पिल्लू घरी आणण्यास मी तरी सुचवणार नाही. पाचसहा वर्षांचा, स्वभाव दिसून चुकलेला, शांत कुत्रा ज्येष्ठांच्या घरी अधिक चांगला रुळतो, आणि नेमक्या अशाच कुत्र्याला सहसा कोणी घेत नाही. तुमच्यानंतर किंवा तुम्ही रुग्णालयात असताना त्याला कोण सांभाळणार, हे त्या व्यक्तीशी स्पष्ट बोलून, तिचा होकार घेऊन ठरवावे. मुलगा परदेशी असेल तर “तो बघेल” हे उत्तर होत नाही.

महानगरपालिकेकडे नोंदणी आणि परवाना आवश्यक असेल तर तो काढून घ्यावा, आणि एक साधी दोनशे पानी वही त्याच्या नावाने करावी. पहिल्या पानावर तो ज्या दिवशी आला ती तारीख लिहावी. त्यापूर्वीचे रकाने कोरेच राहतील. पुढे लसींच्या तारखा, पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक, त्याला न पचणारे पदार्थ, कोणत्या आवाजाला घाबरतो, कानामागे खाजवलेले आवडते की नाही, रात्री कुठे झोपतो, कोणत्या हाकेला येतो, हे जसजसे कळेल तसतसे लिहीत जावे. उद्या तो दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, तर त्या माणसाला तर्क करत बसावे लागणार नाही. वही लसीच्या पुस्तिकेसह दूरध्वनीजवळ ठेवावी आणि ती कुठे आहे हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे.